दोन विमानांमधला सुबोध

सुबोध गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मुक्ताने केला. मी मुलुंडच्या बाजारात मेथी निवडत होतो. "काका, बाबा गेले… सकाळी उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी जुडी होती तिथे ठेवली आणि भाजीवाल्याला उगाचच "येतो" म्हणालो. त्या फोनला आता तीन आठवडे झाले. माझा मित्र कोण होता हे सांगायचं तर त्याच्या सांताक्रूझच्या स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करायला हवी.

इंटरनेटवर मराठीत व्हिडिओ टाकणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यातले दोघे आम्ही, हे मी आज छाती फुगवून सांगतो. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. सुबोध ऑफिसातून आला की बनियनवर कोट चढवून सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचा आणि न दिसणाऱ्या सभासदांना झापायचा. कॅमेरा पिठाच्या डब्यावर, पंखा बंद, कुकर बंद, वहिनी बाहेरच्या खोलीत हसू दाबत बसलेल्या. कॉम्प्युटर माझा, म्हणून कापाकापी माझ्याकडे. एक व्हिडिओ चढायला अर्धा दिवस लागायचा आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून! पण चढला की आम्ही दोघं गच्चीवर जाऊन राजासारखे चहा प्यायचो.

अडचण एकच, विमानं. दर दोन-तीन मिनिटांनी एक डोक्यावरून जायचं, त्यामुळे आमचे व्हिडिओ दोन विमानांच्या मध्ये बसतील एवढेच असायचे. लोक लिहायचे, "काय आटोपशीर लिहिता हो!" एकदा ऐन शेवटच्या वाक्याला विमान आलंच. सुबोधने बोलणं थांबवलं, हात वर केला, छताकडे बघत राहिला. विमान गेल्यावर हात खाली घेतला आणि त्याच चढ्या सुरात वाक्य पुरं केलं. मी अर्थातच तेवढा भाग कापला. ते बघून तो खवळला.

"विमान का काढलंस?"

"घाण आवाज येतोय यार!"

"अरे, सांताक्रूझ आहे ना हे! इथल्या सेक्रेटरीच्या डोक्यावरून विमान नाही गेलं तर तो कुठला सेक्रेटरी? परत घाल."

आठवडाभर आम्ही जिन्यात एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी मी चिडून परत घातलं, आणि नेमका तोच व्हिडिओ लोकांनी एकमेकांना दाखवला. दुबईहून एकाने लिहिलं, विमान ऐकलं आणि आईच्या घरी बसल्यासारखं वाटलं. पुढे प्रत्येक व्हिडिओत एक विमान ठरलेलं. भांडणात हरल्याचा इतका अभिमान मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेला नाही. आता पोरं आवाजबंद स्टुडिओत बसून फार सुंदर काम करतात, मी बघतो. पण आपलं घर आहे तसंच लोकांसमोर ठेवायची हिंमत सुबोधने कुणी शिकवलेलं नसताना दाखवली.

परवा मुक्ताने बोलावलं. त्याच स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून म्हणाली, "काका, जुन्या व्हिडिओंमधला खराब आवाज आता पूर्ण काढता येतो. बाबांचं सगळं साफ करून ठेवू का? तुम्हीच सांगा." एक करून दाखवला. सुबोध बोलता बोलता थांबला, हात वर केला, छताकडे बघत राहिला… आणि सगळीकडे शांतता. माझा हजरजबाबी मित्र वाक्य विसरलेल्या माणसासारखा दिसत होता. मला रडू आलं आणि रागही आला. पण वीस वर्षांपूर्वी तीच कात्री माझ्या हातात होती, मी मुक्ताला कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

मुक्ताही पडद्याकडे बघतच राहिली होती. मग म्हणाली, "काका, मी हे साफ केलेलं…"

वरून विमान आलं. तिने हात वर केला, नजर छताकडे. आपण काय करतोय हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी थांबलो. विमान गेलं, हात खाली आला.

"…पुसून टाकते. बाबांचं होतं तसंच राहू दे."