झेब्रावर थांबायचं कोणी

कारणाच्या रकान्यातली ओळ मी पेनानं खोडली आणि सही न करता कागद रायटरच्या टेबलावर परत ठेवला. रायटर म्हणजे ठाण्यातलं लिखाण सांभाळणारा पोलीस. तो कागद घेऊन सरळ आत गेला. दहा मिनिटांत मलाही बोलावणं आलं.

"वानखडे मॅडम, चांगली लिहिलेली ओळ कायले खोडली?" ठाणेदार म्हणाले.

"खोटी आहे म्हणून, सर."

मी हवालदार आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात वाहतुकीचं काम पाहत होते. गावाचं नाव सांगत नाही. आपलंच गाव आहे असं समजून वाचलं तरी फार चुकणार नाही.

अपघाताच्या अहवालात 'अपघाताचे कारण' असा एक रकाना असतो. पायी चालणाऱ्याला गाडीनं उडवलं की आमच्याकडे त्यात एकच ओळ पडते. 'पादचारी अचानक रस्त्यात आडवा आल्याने अपघात झाला.' ती कॉम्प्युटरमध्ये तयारच असते. नाव बदलायचं, गाडीचा नंबर बदलायचा, प्रिंट काढायची. एकदा ती कागदावर आली की चूक मार खाणाऱ्याची ठरते आणि ड्रायव्हरच्या वकिलाला फार बोलावं लागत नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मीही ती डोळे झाकून वापरली. ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

या वेळी 'पादचारी' होत्या कुसुमताई. निवृत्त अंगणवाडी सेविका. सकाळी अकरा वाजता यवतमाळची बस धरायला निघाल्या होत्या, लेकीकडे. बसस्थानकासमोरच्या झेब्रावर कापसानं भरलेल्या पिकअपनं त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा पिशवीतल्या मूंगवड्या पांढऱ्या पट्ट्यांवर सांडल्या होत्या आणि लोक त्यावरून गाड्या काढत होते.

"बाई एकदम मधात आली," ड्रायव्हर म्हणाला. त्याला आमची ओळ कोणी शिकवायची गरजच नव्हती.

कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. मी दुकानदाराच्या स्टुलावर बसून तीनदा पाहिलं. कुसुमताई झेब्राच्या कडेला उभ्या. हात वर. एक गाडी गेली, दुसरी गेली. ऑटो, बुलेट, ट्रॅक्टर. मी मोजल्या, तेवीस गाड्या गेल्या. एकही थांबली नाही. मग रस्ता मोकळा दिसला, तशा त्या हात वर ठेवूनच निघाल्या. पिकअप तेव्हा बराच लांब होता. त्यानं वेगही कमी केला नाही.

त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. ताई शुद्धीवर होत्या. त्यांचे यजमान दौलतकाका पायाशी बसले होते. मी काही विचारायच्या आतच ताई म्हणाल्या, "माहीच चूक झाली नं, मॅडम? अजून जराशी थांबली असती तर झालं नसतं."

"किती थांबणार होती तू?" काका ताईंकडे न पाहता बोलले. "अन् मॅडम, तुम्ही लोक चौकात दररोज उभे राहता. त्या पट्ट्यावर गाडी नाही थांबवली म्हणून एकाले तरी धरलं काय आजलोक?"

तिथून निघाले ते डोकं तापवूनच, आणि ठाण्यात आले तर टेबलावर ती ओळ छापून तयार.

मी मोबाइलवर आणलेलं फुटेज ठाणेदारांनी पाहिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त निवांत होता. "बरं, काढा ओळ," ते म्हणाले. "ड्रायव्हरनं झेब्रावर वाट दिली नाही असं लिहा. पण खरं सांगू काय मॅडम, झेब्रावर कोण थांबते आपल्याकडे?"

"कोणी थांबत नाही, सर. कारण आपण कोणाला धरत नाही."

मी ई-चलानचं मशीन त्यांच्यासमोर ठेवलं. वर्षभराची यादी काढली. हेल्मेट, लायसन्स, ट्रिपल सीट, फॅन्सी नंबर प्लेट. पानंच्या पानं. झेब्रावर पायी माणसाला वाट दिली नाही, या गुन्ह्याखाली एकही नोंद नाही. कायद्यात तो गुन्हा आहे. मशीनमध्ये त्याचं बटण आहे. बटणाला आमचं बोट लागलेलं नाही. हेल्मेट नसलेलं डोकं लांबून दिसतं, रोजचा आकडा सहज भरतो. वाट पाहत कडेला उभी असलेली म्हातारी कोणाच्या आकड्यात बसत नाही.

"आठ दिवस करून पाहा," ठाणेदार म्हणाले. "बोंबाबोंब नको."

दुसऱ्या दिवसापासून मी वर्दी काढून साध्या साडीत झेब्रावर उभी राहिले. झेब्राच्या आधी तीस पावलांवर दोन्ही बाजूंनी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. नियम साधा. मी हात वर करून पट्ट्यावर पाऊल टाकलं, तेव्हा गाडी रेघेच्या अलीकडे, माझ्या जवळ असली तर सोडून द्यायची. रेघेच्या पलीकडे असली तर थांबायला भरपूर जागा आहे. तरी नाही थांबली, तर पुढे पानठेल्यापाशी शिपाई गजानन वर्दीत मशीन घेऊन उभा. शिट्टी, बाजूला, चलान.

पहिल्या तासातच गजाननचा घसा बसला.

"थांबाचं काहून? सिग्नल कुठी हाय?" एक मोटारसायकलवाला त्याच्याशी भांडत होता.

मी पट्ट्यावरून चालत गेले. "मी दिसली नाही काय तुले?"

"दिसली नं. म्हणून तर हॉर्न मारला."

असा राग आला की सांगता सोय नाही. हॉर्न मारला म्हणजे कर्तव्य संपलं. उरलेलं माझं, जीव घेऊन पळायचं. त्या दिवशी हे उत्तर मला प्रोफेसरनं दिलं, किराणावाल्यानं दिलं आणि पोरीला शाळेत सोडायला चाललेल्या एका बापानंही दिलं. त्याची पोरगी मागच्या सीटवरून माझ्याकडे टकामका पाहत होती.

तिसऱ्या दिवशी एक पांढरी मोठी गाडी माझ्या पदराला घासून गेली. गजाननानं अडवली. आत एका पुढाऱ्याचा पुतण्या.

"काकांले ओळखता काय तुम्ही?"

"ओळखते. काका थांबतात काय झेब्रावर?" मी विचारलं. चलान झालं.

चौथ्या दिवशी गाड्या थांबायला लागल्या. सगळ्या नाही, पण थांबायला लागल्या. कॉलेजच्या पोरी पळत न जाता, बोलत बोलत रस्ता ओलांडताना मी पहिल्यांदा पाहिल्या. आणि पाचव्या दिवशी ठाणेदारांनी बोलावलं.

"आजपासून बंद करा. सकाळपासून सहा फोन आले."

"पायी चालणाऱ्यांचा एखादा होता, सर?"

"मॅडम, वाद नका घालू."

"नाही घालत. लेखी आदेश द्या."

"असं कोणी लेखी देते काय?"

"मग मी नोंद करते."

ठाण्यात स्टेशन डायरी असते. दिवसभरात जे घडतं, जे आदेश येतात, ते वेळ टाकून तिच्यात लिहायचं. वरिष्ठानं तोंडी आदेश दिला तर त्याचीही नोंद करता येते. सहसा कोणी करत नाही, कारण सगळ्यांना नोकरी करायची असते. पूर्वी हे रजिस्टर होतं. आता कॉम्प्युटरवर आहे आणि एकदा नोंद सेव्ह झाली की ती मलाही बदलता येत नाही, साहेबांनाही नाही.

मी बसले आणि टाइप केलं. 'मा. ठाणेदार यांच्या तोंडी आदेशावरून बसस्थानकासमोरील झेब्रा क्रॉसिंगवरील कारवाई आज बंद करण्यात आली.' ठाणेदार खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सेव्ह करू, सर?"

त्यांनी वाकून ती ओळ पुन्हा वाचली. "उद्या त्या जागी कोणी मेलं तर?"

"तर कोर्ट डायरी मागवेल, सर."

रायटरनं उगीचच कपाटाकडे तोंड केलं.

"पुसा ते," ठाणेदार म्हणाले. "अन् मशीन चार्जिंगले लावा. उद्या बॅटरी उतराले नको."

आठ दिवसांचे तीन महिने झाले. नंतर माझी बदली झाली, ती होणारच होती. कारवाई मात्र चालू राहिली, कारण ती बंद करायला कोणी आपलं नाव द्यायला तयार नव्हतं. पिकअपवाल्यावर दोषारोपपत्र गेलं. कुसुमताई वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात, रस्त्यावर येत नाहीत. त्यांच्यापुरता आम्हाला उशीरच झाला आणि त्याला माफी नाही.

मी शिकले ते एवढंच. साहेबाला पायी चालणाऱ्याची काळजी लावता येत नसेल, तर त्याला स्वतःची लावावी. गाडी तेवढ्यानंही थांबते.