पोटातला नारिंगी ठिपका

माझी मोठी नणंद रफूचं काम करते. कोटाला पडलेलं भोक, स्वेटरची झिजलेली कोपरं, इस्त्रीने जळलेली पँट, काहीही. घरात सगळे तिला ताई म्हणतात आणि गल्लीच्या टोकाचा शिंपी, ज्याच्याकडून तिला काम येतं, तोही ताईच म्हणतो. तिच्या हातचं रफू उलट्या बाजूने पाहिलं तरी सापडत नाही, अशी तिची ख्याती. बोलताना मात्र ती टाका लपवत नाही.

माझी लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिने आपली अ‍ॅक्सोलॉटलची जोडी ताईकडे सोपवली. पाण्यात राहणारा, चार पायांचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असलेला हा प्राणी. त्याला गार पाणी लागतं, आणि आमच्या दोन्ही घरांत गार म्हणावी अशी ताईची मागची खोलीच. "नातवंडं सांभाळायच्या वयात सरडे आले नशिबी," असं म्हणून तिने टाकी ठेवून घेतली. पुढे मादीने अंडी घातली आणि त्यांतून पिल्लं निघाली. नखाएवढी, काचेसारखी आरपार.

ती एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात. म्हणून ताईने घरातल्या वाट्या, कप, जामच्या बाटल्या, सगळं कामाला लावलं. तिचे यजमान, आमचे भाऊजी, बसवरचे निवृत्त ड्रायव्हर.

"चहा आता ओंजळीत घ्यायचा का?" त्यांनी विचारलं.

"घ्या. त्या निमित्ताने हात तरी धुवाल."

ही पिल्लं हलणारंच अन्न खातात. निपचित पडलेला घास तोंडाशी आला तरी ढुंकून बघत नाहीत. त्यासाठी ताई मिठाच्या पाण्याच्या बाटलीत कोळंबीच्या जातीच्या बारीक जिवांची अंडी टाकून हवेची नळी सोडायची. ती फुटली आणि हवा बंद केली की नारिंगी जीव तळाशी जमतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. तळातले जीव ड्रॉपरने ओढून, फडक्यात गोड्या पाण्याने धुऊन, प्रत्येक कपात थेंबभर सोडायचे. पिल्लू जेवलं की त्याच्या आरपार पोटात नारिंगी ठिपका दिसतो.

लेकीला फोनवर "जेवलीस का" विचारून झालं की मी वरच्या मजल्यावर ताईच्या घरी जाऊन तिला विचारायचे, "जेवली का सगळी?"

"जेवली. तुझ्याच पोटात गोळा येतो रोज, त्याचं काहीतरी बघ."

मग पिल्लं मरायला लागली. आज एक, उद्या दोन. ताईने पाणी बदललं, कप आणखी गार कोपऱ्यात नेले, खिडकीला जाड पडदा लावला. मी लेकीला काही कळवलं नाही.

एका सकाळी मी ताईबरोबर मागच्या खोलीत असताना भाऊजी पेपर वाचता वाचता उठून कप शोधत आत आले. जवळचं बघायचा चष्मा नाकावर तसाच होता. त्यांनी एक कप उचलून आत पाहिलं.

"अगं, ह्याच्या पोटात काहीच नाही."

"आत्ताच घातलंय."

"घातलं असशील. ह्याने घेतलेलं नाही. त्यानेही नाही. आणि हे वर काय तरंगतंय, कोंडा?"

त्यांनी कप माझ्याकडे दिला. पाण्यावर तांबूस टरफलं होती. हलणारं त्यात काही नव्हतं.

"टरफलं आहेत, ताई."

"नारिंगीच आहेत ना?"

"रंग साधारण तोच. पण जीव नाहीत."

ती कप घेऊन खिडकीशी गेली, पडदा सारून बराच वेळ बघत राहिली आणि कप खाली ठेवला.

"कधीपासून?" भाऊजींनी विचारलं. प्रश्न पिल्लांबद्दलचा नव्हता.

"काळं कापड बरेच दिवस घेत नाही. बाकीचं बोटांना कळतं."

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?"

"तो म्हणणार, काम बंद करा. मग दिवसभर तुमचं तोंड बघत बसू?"

"तेही धड दिसत नसेल आता."

"तेवढाच फायदा."

भाऊजींनी स्टूल ओढलं. बाटलीच्या तळातून जीव ओढून, धुऊन ड्रॉपर तिच्या हातात दिला. ते कपात बघत राहिले, ती थेंब सोडत गेली. "गिळला. अजून एक. हा भरला, पुढचा घे." काही पिल्लांनी तोंडच उघडलं नाही. ते कप भाऊजी बाजूला ठेवत होते.

सगळं झाल्यावर ताईने टेबलावरचा राखाडी कोट उचलला. शिंप्याकडून आलेला, खिशापाशी नुकतंच रफू केलेला. तो तिने त्यांच्यासमोर धरला.

"बघा. माझी भीड नको."

त्यांनी कोट उलटसुलट केला. "दिसतंय," ते म्हणाले.

"लांबून?"

"इथून तरी दिसतंय."

तिने कोटाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"शिंप्याला काय सांगणार?" मी विचारलं.

"रफू बिघडलंय म्हणून सांगते. डोळ्यांचा इलाज करून येईपर्यंत काम दुसरीकडे दे म्हणते." जिन्यापाशी थांबून ती भाऊजींना म्हणाली, "दुपारी पुन्हा बघा त्यांच्याकडे. आणि हिच्या हातात ड्रॉपर देऊ नका. ही मरेस्तोवर खाऊ घालेल."