फरशी पुलावर पाणी चढल्यावर काय कराल?

भिसेगावच्या जागृतीला निवांतो कंपनीत घेताना पाच मुलाखती झाल्या. पहिलीत विचारलं, तू प्राणी असतीस तर कोणता असतीस? ती म्हणाली, "म्हैस." समोरच्याने 'आत्मविश्वास' या रकान्यात नऊ गुण दिले. पाचवीत कंपनीचे मालक योगेंद्र सर म्हणाले, "इथे नोकरी नसते, इथे कुटुंब असतं." ओळखपत्राशिवाय या कुटुंबात वॉचमन कुणाला आत सोडत नसे.

कर्जत-खालापुरातली फार्महाऊसं शहरवाल्यांना ॲपवरून भाड्याने द्यायची, हा कंपनीचा धंदा. दीड वर्षात बारा माणसांची दोनशे झाली. खिडकीबाहेर अख्खा तालुका हिरवा, आणि ऑफिसच्या भिंतीला प्लास्टिकचं गवत चिकटवलेलं.

जागृती तक्रारींचे फोन घ्यायची. बाथरूममध्ये बेडूक आहे. ॲप म्हणायचं, आपली तक्रार नोंदवली आहे. बेडूक मात्र जागृती काढायची, त्या बंगल्याच्या राखणदाराला फोन करून. असे एक्केचाळीस राखणदार. कुणाच्या घरी बारसं, कुणाची म्हातारी आजारी, सगळं तिला ठाऊक. विभागाची प्रमुख तिलाच करणार, असं योगेंद्र सरांनी दोनदा चारचौघांत सांगितलं होतं. आईने, अंबूबाईने, ते भिसेगावभर केलं.

"कवा व्हनार गं तू हेड?"

"होईन. कंपनी वाढतेय."

"आपला भोपळा पन वाढतो. त्याला एवढं बोलावं लागत नाय."

जुलैत सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "प्रमुखपदासाठी स्वराज म्हणून एक जण येतोय. मुलाखत तूच घे. तुझ्या मताला इथे किंमत आहे."

"सर, ते पद मला देणार होतात."

"पद कुणाचंच नसतं, जागृती. पद हा प्रवास असतो."

स्वराज आला आणि खुर्चीत असा पसरला की जणू मुलाखत जागृतीचीच आहे. सर बाजूला बसले होते. तिने एकच प्रश्न विचारला. "रविवार आहे. नदीपलीकडच्या बंगल्यात वीस पाहुणे. फरशी पुलावर पाणी चढलंय, आत खायला काही नाही. काय कराल?"

"आधी डेटा गोळा करेन."

"कसला?"

"पाण्याचा. मग सगळ्या संबंधितांची मीटिंग घेईन."

"तोवर पाहुणे?"

"त्यांनाही मीटिंगमध्ये घेता येईल."

"पलीकडच्या वाडीत पोपट राखणदार राहतो," जागृती म्हणाली. "त्याला फोन करायचा. घरचा तांदूळ असतो त्याच्याकडे."

स्वराजने सरांकडे पाहिलं. "एकाच माणसावर अवलंबून राहणं धोक्याचं."

"बघ," सर तिला म्हणाले, "असा विचार करता आला पाहिजे."

तिने दहापैकी दोन गुण दिले. स्वराज सोमवारी रुजू झाला. त्याला शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने एक्केचाळीसही नंबर टाइप करून दिले, पोपटला आधी त्याच्या बैलाचं विचारायचं हेसुद्धा लिहिलं आणि राजीनामा ठेवला.

"कुटुंब सोडून चाललीस?" सर म्हणाले.

"सासरी गेले समजा."

ऑगस्टच्या एका रविवारी पुलावर खरंच पाणी चढलं. दुपारी पोपटचा फोन आला.

"ताई, ह्यो स्वराज कोन? मगापासून पुलाचे चार फोटो मागवले त्यानं. आता म्हनतो, वरून काढून पाठव. मी काय घार हाय?"

"पोपटदादा, पाहुण्यांचं काय?"

"पोरं रडत व्हती. आमच्या कारभारनीनं, सुंदरानं, भात-डाळ नेऊन घातली. तुमाला न इचारता केलं, चालंल ना?"

"चालेल."

पाचच मिनिटांनी योगेंद्र सर. "जागृती, लोक अडकलेत, उपाशी आहेत. परत ये. प्रमुख तूच. आजपासून. उद्या एक छोटीशी मुलाखत, नावापुरती."

"सर, लोक जेवले."

"कसे?"

"पोपटदादाने घातलं."

सरांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे स्वराजने बसवलेली यंत्रणा चालली. छान. मग तुझ्या पदाचं आपण दिवाळीनंतर बघू."

जागृतीने फोन खाली ठेवला. अंबूबाई भाजी निवडत होती. "काय म्हनला गं?"

"मला हेड केलं."

"मग?"

"काढलं पण. एकाच फोनमध्ये."

"लई जोरात वाढते बाई कंपनी," अंबूबाई म्हणाली आणि किडकं पान बाजूला टाकलं.