दानी आकेयोची काठी आणि बरणी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा अर्धं टाइप केलं आणि पुसलं, कारण यात माझा गाढवपणा आहे आणि तो स्वतःहून कोण सांगतं? पण तीन दिवस झाले, एका जागी बसवत नाहीये. जेवताना उठते, वर्गातून उठते. तर लिहून टाकते.

कोगेम्बोच्या किनाऱ्यावर आकेयो नावाची बाई राहते, बासष्ट-त्रेसष्टची असेल. आम्ही सगळे तिला दानी म्हणतो, म्हणजे आजी. सव्वीस वर्षं तिने सरोवरावरच्या एका लॅबमध्ये बाटल्या धुतल्या. शिक्षण चौथी. पण साहेब लोक जेवायला गेले की ती मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि दिसेल ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढायची. कोणी हाकललं नाही, कोणी शिकवलंही नाही, म्हणून नावंही तिनेच ठेवली. चाक. चंद्रकोर. जाळं. एका बारीक धाग्याच्या आत हिरवी पट्टी पिळत पिळत जाते, ती वेणी. एक हिरवा चेंडू गरगरत पोहतो आणि त्याच्या पोटात छोटे चेंडू, ती गरोदर बाई. चार पेशी खेटून बसलेल्या, त्या चार बहिणी.

मी गेले माझ्या रिपोर्टसाठी. कोगेम्बोच्या हिरव्या शेवाळाचे प्रकार. सोमवारी द्यायचा होता आणि मी उगवले शुक्रवारी, कॉलेजचा छोटा मायक्रोस्कोप घेऊन. तिने कॅलेंडरं समोर टाकली. दोन ढीग.

"दोन का, दानी?"

"या ढिगातले पोहतात. नाहीतर यांची पोरं तरी पोहतात. आणि हे," दुसऱ्या ढिगावर थाप मारली, "हे जन्मात पोहत नाहीत, पोरंही नाहीत. लग्न करायचं तर दोन वेण्या शेजारी येऊन चिकटतात, बस."

"आणि चार बहिणी?"

"त्यांचं अडलंय. पोहताना कधी दिसल्या नाहीत, पण तोंडवळा पहिल्या ढिगाचा."

माझ्या अंगावर काटाच आला! पुस्तकात हिरव्या शेवाळाची दोन मोठी घराणी आहेत. वेणी आणि चंद्रकोर दुसऱ्यातल्या, ज्यातून पुढे जमिनीवरची सगळी झाडं आली. मी हे सगळं सेमिस्टर घोकत होते आणि हिने बाटल्या धुता धुता लावलं! चार बहिणींचं उत्तर मी सांगायला गेले तर तिने हात वर केला. "सांगू नकोस. मला बघू दे."

एवढं येतं तिला, आणि किनाऱ्यावर किंमत काय? गेल्या वर्षी काठ हिरवा झाला तेव्हा 'पाणी भरू नका' म्हणून तिने अकरा दिवस वाट अडवली. बायका शिव्या देत बोअरवेलवर गेल्या. कोणी आजारी पडलं नाही. मग काय, 'काही झालंच नाही' म्हणून तेव्हापासून थट्टा.

शनिवारी सकाळी मामा रोडाने मला गाठलं. मामा म्हणजे इकडे आई, मोठ्या बाईला मानाने म्हणतात. ती चर्चच्या बायकांची पुढारी. दुसऱ्या दिवशी दोनशे माणसांचं जेवण, त्यासाठी शनिवारीच चार वाजता ड्रम भरायचे, आणि काठाचं पाणी हिरवंगार.

"तू युनिव्हर्सिटीवाली ना? चालेल का हे?"

मी तासाभरापूर्वीच दगडावरचा नमुना बघितला होता. वेणीच वेणी. फोनवरून मान न उचलता म्हणाले, "हिरवं शेवाळ आहे, मामा, साधं. उकळून घ्या."

मान न उचलता!! रोडा तेवढ्यावर निघूनही गेली.

ओकुम्बा कोळी शेजारीच मासेमारीचं जाळं शिवत बसला होता. "ऐकलं का, दानी? डिग्रीने निकाल दिला!"

दानी काठी टेकत आली. "कुठलं बघितलंस?"

"दगडावरचं."

"बरं. उद्या लोक दगड पिणार आहेत का?"

तिने काठी आधी दगडावर फिरवली. केसांसारखे धागे लोंबले. मग काठीचं दुसरं टोक पाण्यात बुडवून माझ्या नाकासमोर धरलं. "धागा दाखव."

एक नव्हता. नुसता रंग चढलेला, कुंपण रंगवल्यासारखा.

"हा माझ्या दोन्ही ढिगांतला नाही. शेवाळ म्हणतात, पण आपल्यातलाच नाही. आणि विषारी निघाला तर विष उकळूनही जात नाही."

मला माहीत होतं हे! परीक्षेत लिहिलंय मी. निळसर हिरवे जंतू, पाच गुण. फोन खिशात टाकला. "दानी, नक्की?"

"बरणी लाव. खरं हिरवं बहुतेक खाली बसतं. हा सायीसारखा वर येतो."

अकरा वाजले होते. तिने जॅमची बरणी भरून आपल्या घराच्या सावलीत ठेवली आणि ओमेना, म्हणजे बारीक मासळी, निवडायला बसली. मी दारापासून बरणीपर्यंत, बरणीपासून दारापर्यंत. खाली रोडाचे ड्रम घडघडत होते.

"बस गं. तुझ्या चालण्याने ती लवकर निवळत नाही."

"तुम्हीच जाऊन सांगा ना त्यांना!"

"मी सांगितलं की लोक ते अकरा दिवस उकरून काढतात. चालेल असं तू म्हणालीस, तूच मोड." मग ओमेना डोळ्याजवळ नेत म्हणाली, "डावा डोळा गेलाय माझा. उजवाही निघालाय."

दोन वाजता वर जाड हिरवी साय होती आणि खाली पाणी जवळजवळ स्वच्छ. मी बरणी घेऊन पळाले, दानी काठी टेकत मागून.

"मामा, मी चुकले. यात धागा नाही, विषारी असेल तर उकळूनही जायचं नाही. भरू नका."

"सकाळी साधं, दुपारी विष?" रोडा कमरेवर हात ठेवून. "संध्याकाळी काय, औषध?"

सगळे हसले. मी बरणी पुढे केली, घाईत ती हातातून निसटून दगडावर आपटली आणि तडकली. साय रोडाच्या पायावर सांडली. तिने पायाकडे बघितलं. मग दानीची काठी घेतली, स्वतः पाण्यात बुडवली, बोटाने रंग पुसला, धागा शोधला, नव्हता. मग ड्रमला लाथ. "मोटरसायकली काढा. बोअरवेल!"

अंधार पडेपर्यंत पाणी वाहिलं. रविवारचं जेवण एकचं तीनला झालं. कोणी आजारी पडलं नाही. आणि ओकुम्बा भरल्या ताटावरून ओरडतो, "बघा! काही झालंच नाही! दोघी मिळून घाबरवतात!"

मी उठलेच भांडायला. दानीने स्कर्ट ओढून खाली बसवलं. "खा. गार होतंय."

ती शांत जेवत होती. मला अजून घास जात नाही.

रिपोर्टमध्ये तिचे दोन ढीग तिच्या नावाने लिहिलेत. सर काय म्हणतील माहीत नाही. पण तुम्ही जा ना तिच्याकडे. सकाळी जा, वारा सुटायच्या आत. काचेची बरणी न्या, तिची मी फोडली. जमलं तर मायक्रोस्कोप न्या, माझा कॉलेजात परत गेला आणि चार बहिणी अजून तिच्याच्याने सुटलेल्या नाहीत. ती काठी बुडवेल आणि विचारेल, हा कोण? पटकन उत्तर देऊ नका. पण जायचं मात्र पटकन. उजवा डोळा आहे तोवर जा.