तबकडी फुटण्याआधी

तात्यासाहेब औताडे आमच्या बँकेच्या शाखेत अठरा वर्षं बंदूकधारी पहारेकरी होते. त्याआधी सतरा वर्षं फौजेत. मी रोखपाल म्हणून रुजू झालो तेव्हा ते दाराशी उभे होते, आणि ते निवृत्त झाले तेव्हा मी त्याच शाखेत अधिकारी होतो. एवढ्या काळात कामावर असताना त्यांनी एकही गोळी झाडली नाही. वर्षातून एकदा सराव असे, तेव्हाच काय ती त्यांची दुनळी बंदूक वाजे. एरवी ती खांद्यावर, आणि नजर येणाऱ्याच्या हातांवर. माणसाचा चेहरा फसवतो, हात फसवत नाहीत, असं ते मला सांगत.

निवृत्तीनंतर ते बजाजनगरातच राहिले, आमच्या घरापासून तिसऱ्या घरात. पत्नी आशाबाई, आणि मुलगा ऋतुराज वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर. गावाकडची जमीन भाऊ बघतो. तात्या सकाळी कुंड्यांना पाणी घालत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावत.

केबलवर तेव्हा एक परदेशी चॅनेल दिसायचं. नद्यांत मासे धरणारी माणसं, बर्फात तंबू ठोकणारी माणसं, असं काहीबाही दिवसभर चाले. सातला मात्र नेमबाजी लागे. यंत्रातून मातीची तबकडी हवेत भिरकावली जाते आणि नेमबाज तिला छऱ्याच्या बंदुकीनं उडवतो. एका फेरीत अशा पंचवीस तबकड्या. तात्या आवाज बंद करून हे बघत. आणि प्रत्येक वेळी, नेमबाजानं बंदूक खांद्याला लावली की घोडा दाबायच्या आत एकच शब्द बोलत. ‘फुटली’ किंवा ‘गेली’.

ते सहसा बरोबर असत. पंचवीसात दोन-तीनदा चुकत, आणि चुकले की स्वतःच म्हणत, “चुकलो.” आधी त्यांचं ते त्यांच्यापुरतंच होतं. मग समोरचे पुंडलिक सोनवणे येऊ लागले. पुंडलिक कारखान्यातून निवृत्त, बायको गेलेली, घरी सून दूरदर्शनचा रिमोट सोडत नाही अशी त्यांची तक्रार. नंतर गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी असलेले सांडूभाऊ येऊ लागले, भुवयांवर पीठ तसंच ठेवून. मीही बँकेतून आलो की जाऊन बसे. आशाबाई चहा देत आणि आत जात. बंदुकीच्या कार्यक्रमात ही चार माणसं काय बघतात, हे त्यांना कधी पटलं नाही.

तात्यांनी आम्हाला बघायला शिकवलं. आधी पाय बघायचे, वजन पुढच्या पायावर आहे का. मग गाल. गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला असला तर नेम बसतो. तबकडी फुटते की नाही हे बघायच्या घाईत माणूस गाल जरासा उचलतो आणि तिथेच नेम जातो. आम्हाला ते कधीच वेळेत दिसलं नाही. त्यांना दिसायचं. आयुष्यभर न वापरलेली ती विद्या रोज तासभर आमच्यासमोर वापरली जात होती, आणि त्या एका तासात तात्या पुन्हा दाराशी ताठ उभे असल्यासारखे वाटत.

गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांच्या चुका वाढल्या. पंचवीसात सात, कधी आठ. पुंडलिक चिडवत, “तात्या, आता डबल चष्मा लावा.” तात्या हसून सोडून देत.

दिवाळीच्या आधी ते चॅनेल केबलवरून गेलं. केबलवाल्यानं सरळ सांगितलं की अख्ख्या भागात ते बघणारं तुमचं एकच घर होतं. ऋतुराजनं मग केबलच काढून टाकली, इंटरनेट घेतलं आणि परदेशातल्या नेमबाजीचं एक अ‍ॅप टीव्हीवर बसवून दिलं. आता सातची वाट बघायला नको, पाहिजे तेव्हा लावा, थांबवा, मागं घ्या, असं त्यानं वडिलांना समजावलं. कार्यक्रम तोच होता, चित्र तर जास्तच स्वच्छ होतं.

पहिल्याच दिवशी पुंडलिक म्हणाले, “मग काय तात्या, आता दुपारीच बघून ठेवायचं आन् संध्याकाळी आमच्यासमोर भविष्य सांगायचं.”

सांडूभाऊ हसले, मीही हसलो. तात्या हसले नाहीत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत. तबकड्या फुटत राहिल्या, जात राहिल्या. आम्ही चहा पिऊन उठलो. तिसऱ्या दिवशी सांडूभाऊ आले नाहीत. गिरणीवर गर्दी आहे, असा निरोप आला. पुंडलिकही मोबाइलवर बोट फिरवत बसले होते.

चौथ्या दिवशी तात्या बोलले. त्या फेरीत पंचवीसपैकी पंचवीस बरोबर. पुंडलिकांनी मोबाइल खिशात घातला. पाचव्या दिवशीही तेच. सांडूभाऊ परत आले. आठवडाभर तात्या एकदाही ‘चुकलो’ म्हणाले नाहीत. पुंडलिक ज्याला त्याला सांगत सुटले की तात्याचा डोळा म्हातारपणी उघडला.

मला ते खटकत होतं. माणूस दोन-तीनदा चुकायचा, मग आठदा चुकायला लागला, आणि एकदम शून्यावर कसा आला? त्यात एका संध्याकाळी टीव्ही सुरू होताना मला दिसलं की त्या दिवशीच्या नव्या भागाच्या चित्राखाली लाल रेघ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्याही घरी असंच अ‍ॅप आहे. ती रेघ म्हणजे हा भाग शेवटपर्यंत बघून झालेला आहे. पुंडलिक आणि सांडूभाऊंना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी गप्प राहिलो.

नोव्हेंबरात निवृत्तांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तात्यांचा फॉर्म मी दुसऱ्या शनिवारी दुपारी त्यांच्या घरी घेऊन गेलो. दार उघडंच होतं. आशाबाई मागे धुणं वाळत घालत होत्या. तात्या टीव्हीसमोर उभे होते, पडद्यापासून जेमतेम वीतभर. एका हातानं उजवा डोळा झाकलेला. कार्यक्रम थांबवायचे, मागे घ्यायचे, पुन्हा बघायचे आणि मग टीव्हीच्या फळीवर ठेवलेल्या वहीत काही खूण करायचे. मी फॉर्म बाहेरच्या खुर्चीवर ठेवला आणि निघालो. चपलांचा आवाज झाला असावा, कारण मागे टीव्ही बंद झाला.

त्या संध्याकाळी त्यांनी बरं नाही म्हणून सांगितलं आणि कोणीच जमलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. भरलेला फॉर्म हातात होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते बसले.

मग त्यांनी सांगितलं. उजव्या डोळ्याला काचबिंदू. पावसाळ्यातच डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते येत नाही, उरलेलं थेंबांवर टिकवायचं. फक्त आशाबाईंना ठाऊक होतं. नेमाचा डोळा तोच, डाव्याला वयानं लांबचं अंधुक. लांबून आता माणूस दिसे, बंदूक दिसे, गाल दिसत नसे.

“पुंडल्या मस्करीत बोलला, साहेब. मी कधी तसं केलं नव्हतं. पण त्येच डोक्यात बसलं. न बोलता बसलो तर ही मंडळी येईनाशी झाली. बोललो तर खोटं. मी खोटं बोललो.”

मी म्हणालो की हा काही गुन्हा नाही, करमणूक आहे.

“तुमच्यासाठी करमणूक,” ते म्हणाले. “लोकं माझ्या शब्दावर बसतात तिथं.”

मग ते म्हणाले, “आपल्या तिजोरीच्या खोलीला दोन चाव्या असायच्या. एक मॅनेजरकडं, एक तुमच्याकडं. दोघं असल्याशिवाय दार उघडायचं नाय. चोर म्हणून नाय ठेवत तसं. मोह हुतो म्हणून ठेवतेत. ह्या अ‍ॅपला तसं काही करता येतं का?”

करता येत होतं. त्याच दुपारी मी जाऊन अ‍ॅपला चार आकड्यांचा कोड घातला. कोड फक्त मला ठाऊक. ऋतुराज घरी होता. त्याला हे काहीतरी विचित्रच वाटलं, स्वतःच्या घरातला टीव्ही शेजाऱ्याच्या कुलपात कशाला, असं तो म्हणाला. तात्यांनी त्याला एवढंच सांगितलं की साहेब सातला येतील आणि उघडतील.

सातला मी आकडे दाबले. नवा भाग, खाली रेघ नाही. पुंडलिक आणि सांडूभाऊ येऊन बसले होते. पहिला नेमबाज उभा राहिला, बंदूक खांद्याला गेली. तात्या म्हणाले, “फुटली.” तबकडी अखंड खाली पडली. दुसरीला ‘गेली’ म्हणाले, ती फुटली. तिसरीला पुन्हा चुकले.

“काय झालं तात्या आज?” पुंडलिक म्हणाले. “आज लईच पाणी भरलं नेमात.”

तात्यांनी टीव्ही थांबवला. आमच्याकडे न बघता, पडद्याकडेच तोंड ठेवून ते बोलले. “मला गाल दिसत नाय, पुंडलिक. उजवा डोळा गेला. मागचा आठवडाभर मी दुपारी बघून ठेवीत हुतो. तू बोलला तसंच.”

सांडूभाऊंनी भुवईवरचं पीठ पुसलं. मला वाटलं, आता पुंडलिक उठून जातील. मोठ्या आवाजात त्यांनी गल्लीभर ज्याची तारीफ केली होती ते सगळं खोटं ठरलं होतं. पुंडलिकांचा चेहरा लाल झाला होता. ते खरंच उठले. पण दाराकडे गेले नाहीत. खुर्ची ओढत टीव्हीच्या अगदी जवळ नेली आणि पुढे वाकून बसले.

“लाव,” ते म्हणाले.

तात्यांनी टीव्ही लावला. पुढचा नेमबाज आला. पुंडलिक पडद्याला डोळे लावून होते. बंदूक वर गेली.

“गाल चिकटलेला हाय,” पुंडलिक घाईनं म्हणाले.

“मग फुटली,” तात्या म्हणाले.

तबकडी तशीच पुढे निघून गेली. पुंडलिकांनी मान खाली घातली.

“चुकलो,” तात्या म्हणाले. “पाय कसे हुते?”

“पाय नाय बघितले.”

“आधी पाय बघ,” तात्या म्हणाले. “मग मला सांग.”