नगरदेवीची किल्ली

चहाच्या बशीत सिगारेट विझवणारा माणूस मला तेव्हाही सहन होत नसे, आजही होत नाही. बोरीवली पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दर रविवारी दुपारी तीन पुरुष हेच करत. बशीत राख, त्याच हाताची बोटं चिवड्याच्या ताटात, मग तीच बोटं चाटून परत ताटात. मी माझा चिवडा आधीच वेगळ्या वाटीत काढून घ्यायची आणि वाटी मांडीवर ठेवायची.

"स्टोअरकीपरचा माल वेगळा," असं म्हणून ब्लॉक ज्याचा होता तो हसायचा. हा माझ्या दादाचा कॉलेजातला मित्र, इंजिनियर. दुसरा दादा. तिसरा एका कॉलेजात इतिहास शिकवायचा, म्हणून त्याला आम्ही प्राध्यापक म्हणायचो. दादा आणि मी स्टेशनच्या पूर्वेला राहायचो, पूल ओलांडून चालत यायचो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होते, त्यावरून माझं ते नाव पडलं होतं.

जमायचो ते एका खेळासाठी. इंजिनियरचा मामा जहाजावर होता. त्याने परदेशातून एक खोका आणला होता. त्यात वेगवेगळ्या पैलूंचे फासे आणि एक पुस्तिका. एकजण सूत्रधार व्हायचा. तो एक जग सांगायचा, त्यात प्रसंग उभा करायचा. बाकीचे एकेक पात्र घ्यायचे आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचे. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, घोडे झालेत आणि भातुकली खेळतायत. दुसऱ्या रविवारी मी स्वतःच दादाच्या आधी चपला घालून तयार होते.

पुस्तिकेतलं जग आमच्या पचनी पडलं नाही. बर्फ, किल्ले, काळी जंगलं. आमच्यापैकी कोणी बर्फ बघितला होता तो फक्त उसाच्या गुऱ्हाळात. मग प्राध्यापक म्हणाला, आपण आपलं जग करू, जुन्या ग्रीसच्या धर्तीवर. तिथे म्हणे प्रत्येक नगराचा देव वेगळा, त्याचा मान वेगळा, त्याची जत्रा वेगळी. युद्धाला निघायच्या आधी देवाला विचारायचं, देव हो-नाही सांगणार.

"म्हणजे कौल," दादा म्हणाला. "हे तर आपलं कोकणच की रे."

त्या एका वाक्यावर काम सुरू झालं. बेटांचा एक समूह ठरला. नकाशे आणि लढाया सूत्रधाराकडे, म्हणजे इंजिनियरकडे. राजांच्या वंशावळी प्राध्यापकाकडे. गलबतं आणि हत्यारं दादाकडे. देव उरले, ते माझ्याकडे आले. देवांचं काम किचकट होतं आणि कोणाला नको होतं.

मला ते बरं जमलं. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाचं बिन कार्ड असतं. काय आहे, कुठे आहे, कोणाच्या सहीने निघतं. तीच पद्धत मी देवांना लावली. कुठल्या बेटावर कुठला देव, जत्रा कधी, त्याला काय वाहायचं, पूजा कोणी करायची, देवळाची किल्ली कोणाकडे. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन लावून मी चार प्रती काढायची. इंजिनियर त्याच्या प्रतीवर चहाचे गोल उठवायचा.

फोर्टातल्या एका वाचनालयातून प्राध्यापकाने जाड पुस्तक आणलं होतं. ते आळीपाळीने सगळ्यांकडे फिरायचं, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे. त्यात बळीचं वर्णन होतं. जनावराच्या अंगावर पाणी शिंपडायचं, त्याने मान हलवली की संमती. मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून जाळायची, तो धूर देवाचा. मांस माणसांचं. त्या रविवारी इंजिनियरने बळीचा प्रसंग रंगवला. ज्याच्या घरी चातुर्मासात कांदा येत नाही, तो आतडी कशी निसटतात, काळीज कसं वाफाळतं हे तोंडात चिवडा भरून सांगत होता. चिवड्याचे कण समोरच्या कागदावर उडत होते. गावी राखणदाराला कोंबडा देतात तो मी लहानपणापासून बघितलेला. रक्ताचं मला काही वाटलं नाही. त्या तोंडाकडे मात्र बघवेना.

तरी मी टिकून राहिले, त्याचं कारण नगरदेवीची पुजारीण. पुस्तकात होतं की तिथल्या कित्येक देवींची पूजा बाईच करायची, काही ठिकाणी जन्मभर. देवळाची भलीमोठी वाकडी किल्ली तिच्याकडे असायची. दगडात कोरलेली बाई पुजारीण आहे हे त्या किल्लीवरूनच ओळखायचं. ते वाचलं आणि मी माझं पात्र ठरवलं. पन्नाशीची, कोणाची बायको नाही, कोणाची आई नाही, फटकळ. ती बोलायला लागली की सेनापतीही थांबायचा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि घरी माझे दाखवायचे कार्यक्रम चालू होते, तिथे मी काय बोलायचं ते आई आदल्या दिवशी सांगायची.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमची सगळी गोष्ट एका दिवसाकडे सरकत होती. आमच्या नगराला वेढा पडला होता. शत्रू थकला होता, आम्हीही. वर्षाच्या जत्रेला नगरातल्या बायकांनी विणलेलं नवं वस्त्र देवीला नेसवायचं. ते नेसवून झालं की शत्रूचा दूत देवीसमोर येणार, आणि तह करायचा की नाही ते पुजारीण सांगणार. मान्य करायचं की त्याला परत पाठवायचं, सगळं माझ्या पात्रावर होतं. लोकल सुटली की खिडकीबाहेर बघत मी तिचं बोलणं जुळवत असे. पाच महिने मला त्याच्याइतकं दुसरं काही हवं नव्हतं.

आता दारातली गोष्ट सांगायला हवी. इंजिनियरचं देवघर बाहेरच्याच खोलीत होतं, आम्ही खेळायचो तिथेच. दार काकू उघडायच्या, म्हणजे त्याची आई. दादा आणि प्राध्यापक सरळ आत जायचे. मला त्या चौकटीत थांबवायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "आज बाजूला नाहीस ना गं?" मी मान हलवायची, मग वाट मिळायची. काकू आत जाऊन आडव्या झाल्या की त्याच देवघरासमोर सिगारेटी निघायच्या. ज्या रविवारी मी तशी असायची त्या रविवारी जायचीच नाही. दादा सांगायचा, तिचं डोकं दुखतंय. सगळ्यांना कळायचं, कोणी बोलायचं नाही. मला काकूंचा राग नव्हता. माझ्या घरीही तेच होतं, फक्त आमची खोली लहान म्हणून कोपरा लहान.

ग्रीकांचाही विटाळ असतो हे प्राध्यापकानेच शोधून आणलं. घरात मूल जन्मलं, कोणी मेलं की इतके दिवस देऊळ बंद. नियम दगडात कोरून दाराशी लावत. "सोयर-सुतक!" दादा खूश झाला. मी त्याचा तक्ता केला. पहिली ओळ जन्म, दुसरी मृत्यू, तिसरी खून. कोणत्या बेटावर किती दिवस, शुद्ध कसं व्हायचं. चांगला तक्ता होता.

जत्रेच्या रविवारी काकूंनी विचारलं, मी मान हलवली, आत गेले. इंजिनियरने तक्ता समोर ठेवला. खाली त्याच्या अक्षरात चौथी ओळ होती. कावळा.

"हे काय?"

"स्त्री पात्राने देवळात जायच्या आधी फासा टाकायचा," तो म्हणाला. "एक पडला तर कावळा शिवला. चार दिवस बाहेर."

"कशाला?"

"खरं वाटलं पाहिजे ना यार. आपलं जग नुसतं छान-छान होतंय."

मी प्राध्यापकाकडे वळले. "पुस्तकात आहे हे?"

"असं स्पष्ट नाही सापडत," तो म्हणाला, "पण असणारच ना."

"असणारच म्हणजे?"

"अगं, सगळीकडे असतंच."

"मी वाचलंय ते पुस्तक. जन्म आहे, मृत्यू आहे, आणि त्याच पानावर आहे की बाईजवळ निजून आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय देवळात यायचं नाही. ते का नाही घातलं तक्त्यात?"

इंजिनियरने तोंड वाकडं केलं. "शी! ते काय खेळात आणायचं? आणि तेही तुझ्यासमोर. काहीतरी लाज बाळग."

दादा खाली बघून फासे चोळत होता. "टाक ना गं," तो म्हणाला. "एकच तर चुकवायचाय. खेळ आहे."

मी हात मांडीवरच ठेवले. तेव्हा इंजिनियर म्हणाला, "नाही टाकत तर मी टाकतो तुझ्या वतीने," आणि त्याने टाकला. फासा ताटाला आपटला, चिवड्यात थांबला. एक.

"काव! काव!" इंजिनियर ओरडला. नोकरीत चार माणसं हाताखाली असलेला माणूस पंख हलवून काव-काव करत होता. प्राध्यापकाने एकदाच केलं, पण केलं. दादा हसला. मोठ्याने नाही, पण त्याचे दात मला दिसले.

त्या बेटांवर आम्ही कमरेखाली साप असलेले राजे ठेवले होते. समुद्राच्या फेसातून उठणारे बैल होते. बापाच्या मांडीतून जन्मलेला एक देव होता, त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. या तिघांपैकी एकही रोज देवाला हात जोडत नव्हता. स्टेशनबाहेरच्या गाडीवर उभं राहून ऑम्लेट खाणारी, जानवं खुंटीला टांगणारी ही माणसं. एका बाईला महिन्याचे तीसही दिवस देवळात जाता येतं एवढी एक गोष्ट तेवढी त्यांच्या कल्पनेत मावली नाही. आणि त्यांना हे कोणी करायला लावलं नव्हतं.  माझी वाटी मी खाली ठेवली.

"बरं," मी म्हटलं. "मी बाहेर बसते. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग?"

"मग देऊळ बंद. वस्त्र नेसवता येणार नाही. दूत पायऱ्यांवर उभा आहे, त्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा."

इंजिनियरने कागद चाळले. "सेनापती दार फोडतो."

"देवीचं दार फोडलं तर नगरात साथ. हा नियम तू केलायस, मी फक्त टाइप केलाय."

प्राध्यापक हसला. "अडकलास की रे."

"चार दिवस थांबू," दादा म्हणाला. मला वाटलं, हा येतोय माझ्या बाजूने. "दूताला जेवूखाऊ घालू. चार दिवसांनी ही येईल, दार उघडेल."

"जत्रा आज आहे," इंजिनियर म्हणाला. "ते काही नाही. नियम बदलू. किल्ली आजपासून पुरुषाकडे. गलबतवाल्याकडे. तो काय, कधीच बाजूला बसत नाही." आणि त्याने माझ्या यादीतलं किल्लीच्या रकान्यातलं नाव खोडून त्यावर दादाच्या पात्राचं नाव लिहिलं, बॉलपेन दाबून, खालच्या कागदावर उमटेल इतकं. कावळ्याची ओळ खोडली असती तरी भागलं असतं. तेवढीच शाई लागली असती.

मी दादाला विचारलं, "तू घेतोस किल्ली?"

"अगं, कोणीतरी घ्यायला हवी ना. नाहीतर एवढं सगळं केलेलं फुकट जाईल."

"घेतोस का?"

त्याने आपल्या कागदावर लिहिलं, आणि फासा उचलला, देवीला वस्त्र नीट नेसवलं जातंय का ते बघायला.

मी पर्स घेऊन उठले. आवाजाने काकू बाहेर आल्या. "निघालीस एवढ्यात? चहा टाकतेय."

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

काकूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा देवघराकडे बघितलं. मी चपला घालत असताना त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणला. मी जिने उतरत असताना वर दारात पाणी शिंपडल्याचा आवाज आला. आत तिघं तहाच्या अटींवर भांडत होते.

दादाने मला पुलावर गाठलं. धावत आला असावा, धाप लागली होती. पुलावर रविवारची गर्दी विरळ होती, एक बाई सीताफळं विकत बसली होती. माझ्या पावलाला पाऊल जुळवत तो बाजूने चालायला लागला. मग म्हणाला, "तुला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं गं."

मी चालत राहिले.

"तह झाला पण. झकास झाला. दूताने मान खाली घातली."

"हं."

"हे बघ, मी विचार केलाय. पुढच्या वेळी तू दुसरं पात्र घे. योद्धा घे. पुरुष घे ना एखादा, म्हणजे तो प्रश्नच येणार नाही. तुझं बोलणं चांगलं असतं, प्राध्यापक पण मघाशी म्हणत होता. तू नसलीस तर मजा नाही."

त्याने हे मनापासून शोधून काढलं होतं. माझ्यासाठी जिना उतरून, पूल चढून, धापा टाकत त्याने हा उपाय आणला होता, आणि आता मी 'बरं' म्हणते का, याची वाट बघत होता.

"तू घे," मी म्हटलं.

"काय?"

"बाईचं पात्र. पुजारीण तू घे. आणि देवळात जायच्या आधी दर वेळी तू टाक तो फासा, सगळ्यांसमोर."

तो हसायला लागला. मी हसत नाहीये हे दिसल्यावर थांबला. मग ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं. त्याचं नाक आकसलं, ओठ मागे गेले, आणि गटारात पाय पडल्यावर माणूस जसा चपलेकडे बघतो तसा तो क्षणभर स्वतःकडे बघत राहिला.

"शी," माझा दादा म्हणाला. "काहीतरीच काय बोलतेस."