मावशीच्या भुतांनी जागा बदलली

माझी मावशी सकाळी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची आणि दुपारी भुतं लिहायची. एका मासिकात दर महिन्याला तिची भयकथा यायची. घरात सगळे तिला भूतमावशी म्हणत. तिला स्वतःला मात्र कशाचीच भीती नव्हती. पाल दिसली की हाताने उचलून खिडकीबाहेर ठेवायची आणि वर तिलाच दम द्यायची, "परत आलीस तर बघ!"

तिच्या जुन्या कथा ओळीने वाचल्या की एक गंमत कळते. रस्त्यांवर दिवे नव्हते तेव्हा तिची भुतं विहिरीपाशी नाहीतर वळणावर उभी असत. पुढे धान्य महागलं, तशी ती स्वयंपाकघरात शिरून डबे धुंडाळू लागली. घरं मिळेनाशी झाली तेव्हा तर भुतांचं एक अख्खं कुटुंब दीड खोलीत पोटभाडेकरू म्हणून घुसलं आणि काही केल्या हलेना. मावशी म्हणायची, "मी कुठे काय ठरवते? लोक जिथे घाबरतात, तिथे भूत आपसूक जाऊन बसतं."

मग असा काळ आला की कोणी घाबरेचना. संपादकांनी फोन करून सांगितलं, "बाई, तुमची हडळ आता घरचीच वाटते हो. वाचक तिला चहा विचारतील."

हे मावशीला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात ताटकळत बसलेल्यांनाच गाठलं. "खरं सांगा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"दाढ काढायची!" सगळे एका सुरात म्हणाले.

"ती सोडून."

जरा हशा झाला. मग गाल सुजलेला एक कारकून हळूच म्हणाला, "एखाद्या दिवशी कामावर जावं आणि माझ्या खुर्चीत दुसराच कोणी बसलेला असावा. तो बसला त्याचं काही नाही हो. पण ते कोणाच्या लक्षातच येऊ नये, याची."

"माझ्या घरी तर ते झालंसुद्धा," कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

त्या दुपारी मावशीने एका बैठकीत कथा लिहिली. संध्याकाळी एक माणूस घरी येतो, बेल वाजवतो. बायको दार उघडते आणि अदबीने विचारते, "कोण हवंय आपल्याला?" तिच्या मागे टेबलाशी तोच माणूस निवांत जेवत बसलेला असतो. संपली कथा.

"यात भूत कुठे आहे?" संपादक वैतागले.

"शोधा की तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "काल घरी गेलो आणि बेल दाबायला हातच उठेना. छापतोय."

आता काकांचं सांगायला हवं. मावशीचे यजमान घरोघरी विजेचे मीटर तपासायचे. बायकोची एकही कथा त्यांनी वाचली नव्हती. "दिवसभर अंधाऱ्या जिन्यांखाली डोकं घालायचं, त्यात आणखी तुझी भुतं कशाला?" असं म्हणायचे. पण या कथेची चर्चा त्यांच्या ऑफिसपर्यंत पोचली. एका संध्याकाळी ते मासिकाची गुंडाळी करून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"हे माझ्यावर लिहिलंस ना?"

"इश्श, तुमच्यावर कशाला लिहीन?" मावशी कढईत बघतच म्हणाली.

"नीट बघ माझ्याकडे."

मावशीने मान वळवली. "बघितलं. काय झालं?"

"मिशी काढलीय मी. गेल्या आठवड्यात."

मावशीच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. पुढे ती मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला बघ. म्हटलं, दार उघडणारी ती बाई मीच की गं!"

तिने गॅस बंद केला, काकांना स्टुलावर बसवलं, चष्मा पुसून घातला आणि त्यांचा चेहरा निरखला. वरच्या ओठाशी एक तीळ होता.

"हा कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

दोघं इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. हसता हसता मावशीला रडू कसं आलं, ते तिलाच कळलं नाही. काका घाबरले. म्हणाले, "अगं, वाढवतो परत!"

"नको. असेच बरे दिसता," ती म्हणाली.

त्यानंतर काका तिचे पहिले वाचक झाले, आणि पुरवठादारही. मीटर बघता बघता दारादारातली धास्ती गोळा करून आणायचे. कुणाचा लेक फोन उचलत नाही, कुणाच्या सोसायटीत कोणी कोणाला ओळखत नाही. मावशीची भुतं आता लिफ्टमध्ये, फोनमध्ये, रिकाम्या खुर्च्यांत राहू लागली. मासिक हातोहात खपायला लागलं.

तोटा झाला तो फक्त दातांच्या डॉक्टरांना. लोक मावशीपाशी बसून आपापली भीती सांगत आणि मन हलकं झालं की उठून चालू लागत. एकदा तर रांगेतले तिघं एकापाठोपाठ निघून गेले. डॉक्टर हातात चिमटा घेऊन बाहेर आले.

"बाई, पेशंट कुठे गेले?"

"घरी गेले. म्हणाले, आता दुखत नाही."

"तुम्ही माझा धंदा बसवणार एक दिवस!"

"अय्या!" मावशीने लगेच पेन उचललं. "तुम्हाला याची भीती वाटते होय?"